तुंब्यापासून हबपर्यंत : सोनगीर परिसरातील चाकाच्या केंद्राचा इतिहास

सारांश : खानदेशच्या वाहतुकीचा इतिहास सामान्यतः रस्ते, रेल्वे आणि कापूस यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. प्रस्तुत निबंधात त्याच इतिहासाकडे चाकाच्या केंद्रातून, म्हणजे बैलगाडीच्या तुंब्यापासून पिकअप वाहनाच्या पुढील चाकाच्या हब-बेअरिंगपर्यंतच्या प्रवासातून पाहिले आहे. या प्रवासात घर्षण उत्तरोत्तर कमी होत गेले. त्याचबरोबर चाकाचे केंद्र उघडण्याचा, तपासण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार गावाकडून कारखान्याकडे सरकत गेला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : सोनगीर, आग्रा रोड, बैलगाडी, तुंबा, बेअरिंग, दुरुस्ती, कारागिरी.

१. प्रस्तावना

धुळे शहराच्या उत्तरेस मुंबई–आग्रा मार्गावर वसलेले सोनगीर हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक म्हणजे गावाशेजारच्या टेकडीवरील किल्ला आणि दुसरी म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांचा परंपरागत व्यवसाय. तिसरी गोष्ट इतकी नित्याची आहे की तिची सहसा नोंद होत नाही. ती म्हणजे या गावावरून अखंड जाणारी वाहने. दक्षिणेकडून लळिंगचा घाट उतरून धुळ्यास आलेला मार्ग सोनगीर, नरडाणा, शिरपूर असा तापी ओलांडत पळासनेरकडे जातो आणि सातपुड्याचा चढ चढून सेंधव्यास पोहोचतो. दोंडाईचा व शहादा या बाजूंकडील वाहतूकही सोनगीरजवळच या मार्गास मिळते. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणून ओळखला जाणारा धुळे–इंदूर टप्पा २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर क्रमांक ५२ चा भाग झाला.

मार्गाचा इतिहास म्हणजे केवळ त्याच्या पृष्ठभागाचा इतिहास नव्हे. त्या मार्गावरून फिरणारे चाक आणि ते ज्याभोवती फिरते तो आस यांच्यामधील बोटभर जागेत जे घडते, त्यावर माल किती जाईल, किती वेळात जाईल आणि प्रवासी सुखरूप पोहोचेल की नाही हे ठरते. ही जागा इतिहासलेखनात उपेक्षित राहिली आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले आणि १९२७ साली त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले. कागदपत्रांचा शोध घेण्याची मोठी परंपरा त्यातून या प्रदेशास लाभली. मात्र ज्या ज्ञानाचा कागद कधी झालाच नाही, त्या सुतार, लोहार व मेकॅनिक यांच्या ज्ञानाचा इतिहास कसा लिहावयाचा, हा प्रश्न शिल्लक राहतो. चाकाचे केंद्र हे त्या प्रश्नाचे एक सोयीचे उदाहरण आहे.

२. तुंबा, आस आणि वंगण

चाकाच्या मध्यभागास मराठीत तुंबा म्हणतात. भोपळ्यासारख्या फुगीर आकारावरून हे नाव पडले असावे हे उघड आहे. संस्कृतात त्यालाच नाभी असे नाव असून नाभीत बसविलेल्या आऱ्यांची प्रतिमा वैदिक वाङ्मयापासून उपनिषदांपर्यंत वारंवार येते. तत्त्वचिंतकांना नाभी स्थिर वाटली. गाडीवानाला मात्र ती झिजणारी वस्तू म्हणूनच ठाऊक होती.

परंपरागत बैलगाडीच्या चाकाची रचना पाहिली असता त्यामागील विचार ध्यानात येतो. तुंब्यासाठी व आऱ्यांसाठी बाभळीचे चिवट लाकूड, आसासाठी धावड्यासारखे कठीण लाकूड आणि पुढे लोखंड, अशी निवड होत असे. आऱ्यांच्या बाहेरील टोकांवर पुठ्ठे जोडून वर्तुळ पूर्ण केले जाई. शेवटी गोवऱ्यांच्या जाळात तापवून लाल केलेली लोखंडी धाव चाकावर चढवून तिच्यावर पाणी ओतले जाई. धाव आकसली की आरे तुंब्यात घट्ट रुतत. अशा रीतीने बाहेरच्या लोखंडाचा दाब केंद्रापर्यंत पोहोचत असे. तुंब्याच्या छिद्रात लोखंडी नळी बसविली जाई. आसाच्या टोकाला ठोकलेली खीळ चाकास निसटू देत नसे.

या रचनेतील फिरणे हे सरकते फिरणे होते. तुंब्यातील नळी आसावर घासत फिरे आणि त्या घर्षणावर उपाय एकच, तो म्हणजे वंगण. एरंडीच्या तेलासारख्या पदार्थांपासून केलेल्या वंगणाचा नळा गाडीखाली लटकत असे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान गाडी थांबवी, खीळ काढी, चाक थोडे बाहेर ओढी आणि आसास वंगण लावून पुन्हा वाटेस लागे. या कृतीसाठी त्यास कोणत्याही तज्ज्ञाची गरज नव्हती. तुंबा फुटला वा धाव सैल झाली तर सुतार व लोहार गावातच होते. त्यांचा मोबदला बलुत्याच्या रूपाने ठरलेला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रामव्यवस्थेवरील ग्रंथास ‘गावगाडा’ हे नाव दिले, ते केवळ अलंकारिक नव्हते. गाव चालते ठेवणारी माणसे आणि गाडा चालता ठेवणारी माणसे बऱ्याच अंशी एकच होती.

तथापि, या व्यवस्थेचे गौरवीकरण करणेही योग्य ठरणार नाही. सुताराचे कौशल्य जातीच्या चौकटीत बांधलेले होते व त्याचे मोल तो स्वतः ठरवीत नसे. घासणाऱ्या आसाची किंमत बैलांच्या खांद्यांनी मोजली जात असे.

३. रस्ता बदलतो, चाक बदलते

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला व कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे त्याचा कारभार आला, तेव्हा दूरच्या मालवाहतुकीचा मोठा भार लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवर होता. दख्खनमधील गाड्यांविषयी इंग्रजी अमदानीतील नोंदी सांगतात की, जुन्या गाड्यांची चाके पुष्कळदा दगडाची वा लाकडाच्या एकसंध ओंडक्याची असत. १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेसफर्ड यांनी सोलापूर भागातील टेंभुर्णी येथे सुधारित, हलक्या गाड्या तयार करण्याचा कारखाना काढला. महसुली मोजणीच्या कामाशी संबंधित अधिकाऱ्यांनी गाडीच्या चाकात लक्ष घालावे यात आश्चर्य नाही. शेतमाल बाजारात पोहोचल्याखेरीज रोख सारा भरला जाणे शक्य नव्हते.

मुंबई–आग्रा मार्गाचे बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुढे सरकले आणि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे खानदेशच्या कापसास अभूतपूर्व भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या वाटेने खानदेशात आली. रेल्वेने बैलगाडी संपविली असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रेल्वेने गाडीचे काम बदलले. लांब पल्ल्याचा माल रेल्वेकडे गेला, परंतु शेतातून जिनिंगपर्यंत आणि जिनिंगपासून स्टेशनापर्यंतची वाहतूक वाढली. चाळीसगाव–धुळे शाखा आणि नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा या बाजूने जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे ही १९०० च्या सुमाराची. या दोन्ही मार्गांमुळे सोनगीरसारख्या स्टेशन नसलेल्या गावाचे गाडीवरील अवलंबन कमी न होता टिकून राहिले.

४. घासण्याकडून लोळण्याकडे

याच काळात युरोप-अमेरिकेत चाकाच्या केंद्रात मूलभूत बदल घडत होता. १७९४ साली वेल्समधील फिलिप वॉन यांनी गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले होते. कल्पना सोपी होती. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासण्याऐवजी त्यांच्यामध्ये गोळ्या लोळू दिल्या तर श्रम वाचतात. परंतु सर्व गोळ्या तंतोतंत सारख्या नसतील तर सारा भार मोजक्या गोळ्यांवर येतो व त्या फुटतात. त्यामुळे कल्पना सुचल्यानंतर ती व्यवहारात येण्यास शतकभर लागले. १८६९ साली ज्यूल सुरिरे यांनी पॅरिसमध्ये सायकलसाठी बेअरिंगचे पेटंट घेतले. १८८३ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिख फिशर यांनी पोलादी गोळ्या एकसारख्या घासून काढणारे यंत्र सिद्ध केले. १८९८ साली हेन्री टिमकेन व रेजिनाल्ड हाइन्झलमन यांना शंक्वाकार रोलर बेअरिंगचे पेटंट मिळाले. टिमकेन हे मूळचे घोडागाड्यांचे कारखानदार होते. वळणावर गाडीच्या चाकावर वरून पडणाऱ्या भाराबरोबर बाजूनेही रेटा येतो, हे त्यांच्या व्यवसायाने त्यांना शिकविले होते. तिरप्या रोलरमुळे दोन्ही भार एकाच वेळी पेलता येऊ लागले. मोटारीच्या पुढील चाकासाठी हीच रचना पुढे सर्वत्र रूढ झाली.

येथे सोनगीरच्या धातुकामाचा विचार करणे उचित ठरेल. तांबटाची कारागिरी ठोक्यांची आहे. पत्रा तापवून, ठोकून, वाकवून त्यास आकार देणे हे तिचे मर्म असून किंचित असमानता तेथे दोष ठरत नाही. उलट ठोक्यांच्या खुणा हीच भांड्याची शोभा होय. बेअरिंगचे पोलाद सुमारे एक टक्का कार्बन व दीड टक्का क्रोमियम असलेले, कठीण केलेले आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने घासलेले असते. धातुकामाची परंपरा असलेल्या गावातून बेअरिंग निर्माण झाले नाही, याचे कारण कौशल्याचा अभाव हे नव्हे. दोन्ही कौशल्यांची जातच वेगळी आहे. एक हातात व डोळ्यांत राहते, दुसरे यंत्रात व मोजमापात राहते.

भारतात बेअरिंगचे उत्पादन जयपूर येथे १९४६ साली स्थापन झालेल्या कंपनीपासून रुजू लागले. १९६१ साली असोसिएटेड बेअरिंग कंपनीची स्थापना झाली व तिचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला उभा राहिला. हीच कंपनी पुढे एसकेएफ इंडिया म्हणून ओळखली गेली. वाहनांचा इतिहासही याच काळातील. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. महिंद्र समूहाने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५४ साली जमशेदपूर येथे टाटा–मर्सिडीज ट्रकचे उत्पादन सुरू झाले. जीपच्या हबमध्ये शंक्वाकार रोलर बेअरिंगच्या जोड्या होत्या. आग्रा रोडवरील मेकॅनिकांच्या पहिल्या पिढ्यांना चाकाचे नवे केंद्र उघडून पाहावयास मिळाले, ते अशा वाहनांत. दरम्यान बैलगाडीतही बदल झाला. रबरी टायरच्या गाड्यांच्या चाकांत बेअरिंग आले आणि ‘बेअरिंगची गाडी’ हा शब्दप्रयोग खेड्यात रूढ झाला. १९७० च्या दशकात प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राच्या व्यासपीठावर आणला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

५. पिकअप आणि पुढील चाकाचे हब

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हलक्या मालवाहू गाड्यांनी ग्रामीण महाराष्ट्रात पाय रोवले. १९८६ साली टाटा ४०७ आणि त्यानंतर टाटा २०७ ही पिकअप गाडी आली. पुढे नाशिकच्या कारखान्यातील बोलेरोच्या वंशातील पिकअप सर्वत्र दिसू लागली. दोंडाईच्याची मिरची, तापीकाठची केळी, भाजीपाला, दूध, लग्नाचे सामान, सारे काही तीच वाहते. बैलगाडीची जागा बऱ्याच अंशी ट्रकने नव्हे तर पिकअपने घेतली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

पिकअपचा माल मागे लादला जात असल्याने अतिरिक्त भाराचा मुख्य बोजा मागील चाकांवर पडतो. पुढील चाकाचा क्लेश वेगळा आहे. त्यावर इंजिनाचे वजन असते, ब्रेक लागताच भार पुढे झुकतो, घाटाच्या वळणावर बाजूचा रेटा येतो, खड्डा व गतिरोधक प्रथम त्यालाच भेटतात आणि नाल्यातील पाणी त्याच्याच सीलमधून आत शिरते. १९४७ साली लुंडबर्ग व पाल्मग्रेन या स्वीडिश संशोधकांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार बेअरिंगचे आयुष्य भाराच्या वाढीशी सरळ प्रमाणात घटत नाही, तर त्याहून कितीतरी वेगाने घटते. रोलर बेअरिंगवरील भार सव्वापट झाला तर अपेक्षित आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. दुप्पट झाला तर सुमारे एक दशांश उरते. एका फेरीत चार क्रेट जास्त टाकणाऱ्यास हा हिशेब दिसत नाही, कारण त्याची वसुली काही महिन्यांनी होते.

बिघाडाची चाहूल प्रथम कानाला लागते. वेगाबरोबर वाढणारी घरघर, वळणावर तिचा बदलणारा सूर, चाकाजवळ जाणवणारी उष्णता ही तिची लक्षणे होत. मेकॅनिक जॅकवर उचललेले चाक वर व खाली धरून हलवितो आणि ‘प्ले’ किती आहे ते पाहतो. जुन्या पद्धतीच्या हबमध्ये पुढील काम ठरलेल्या क्रमाने होते. मागील चाकांना उटी लावणे, चाक काढणे, ब्रेकचा कॅलिपर नळीवर न लोंबकळता तारेने बांधून ठेवणे, टोपी व पिन काढून नट सोडविणे, बाहेरचे बेअरिंग व मग हब ओढून घेणे. आतील सील निघाल्यावर हबमधील जुने कप समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने ठोकून काढले जातात. नवा कप बसविताना जुना कपच आधारासाठी वापरण्याची युक्ती सर्व मेकॅनिकांना ठाऊक असते. बेअरिंग तळहातावरील ग्रीसमध्ये दाबून रोलरांच्या फटींतून ते वर येईपर्यंत भरावे लागते. गाडीवानाच्या वंगणाशी असलेले या कृतीचे नाते सहज लक्षात येण्यासारखे आहे.

खरे कसब शेवटच्या नटात आहे. चाक फिरवीत नट प्रथम घट्ट करावयाचा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग तो सैल करून पुन्हा हलकेच लावावयाचा आणि नवी पिन घालून बंद करावयाचा. नट फार आवळला तर बेअरिंग तापून जळते, सैल राहिला तर चाक डुगडुगते व नवे बेअरिंगही थोड्या दिवसांत जाते. हा मधला बिंदू हाताला कळावा लागतो. तो शिकविण्याचे एकच विद्यालय होते. मिस्त्रीच्या शेजारी बसून पाने देणारा मुलगा पाहून पाहून शिकत असे.

नव्या बंदिस्त हब-युनिटमध्ये हा नटच मेकॅनिकच्या हातून गेला आहे. दोन्ही बेअरिंगे, त्यांचे ग्रीस, सील आणि त्यांचा आपसांतील दाब हे सर्व कारखान्यातच ठरलेले असते. पुष्कळ गाड्यांत एबीएसचा सेन्सरही त्यालाच जोडलेला असतो. मागील बाजूचे बोल्ट काढून संपूर्ण युनिट बदलणे एवढेच काम उरते. हे काम कमी वेळात होते, चुकीस वाव कमी असतो व सील उत्तम असल्याने युनिट पुष्कळ टिकते. पण येथे नव्या प्रकारची शिस्त लागते. युनिट हातोड्याने ठोकले तर धक्का गोळ्यांमधून जाऊन मार्गिकेवर सूक्ष्म खळगे पडतात आणि नवा भाग बसवितानाच निकामी होऊ लागतो. बोल्ट, आणि जेथे आसाचा नट असेल तेथे तोही, अंदाजाने नव्हे तर टॉर्क रेंचने उत्पादकाने दिलेल्या मापातच आवळावा लागतो. म्हणजे कौशल्य नष्ट झाले नाही. ते हातातून मापाकडे गेले आणि ते माप पुस्तिकेत राहते. पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि अधिकृत केंद्रात असते. रस्त्याकडेच्या टपरीत ती क्वचितच पोहोचते.

६. चर्चा : उघडण्याचा अधिकार

तुंबा गाडीवान स्वतः उघडीत असे. दोन बेअरिंगांचे हब मेकॅनिक उघडतो. बंदिस्त युनिट कोणीच उघडत नाही. ते फेकले जाते. या तीन अवस्थांकडे केवळ प्रगती म्हणून वा केवळ ऱ्हास म्हणून पाहता येणार नाही. पहिल्या अवस्थेत स्वावलंबन होते, पण बैलांचे हाल व कारागिराचे जातिबद्ध जीवन होते. दुसऱ्या अवस्थेत जातीबाहेरचे, शिकून मिळविता येणारे कसब निर्माण झाले. गॅरेजमध्ये कोणाचाही मुलगा कामास राहू शकत होता, ही सामाजिकदृष्ट्या लहान गोष्ट नव्हे. मात्र त्या शिक्षणाला प्रमाणपत्र नव्हते आणि मजुरीला संरक्षण नव्हते. तिसऱ्या अवस्थेत वाहन अधिक सुरक्षित झाले, परंतु मालकाचा खर्च सुट्या बेअरिंगवरून संपूर्ण युनिटवर गेला आणि मेकॅनिक हा दुरुस्ती करणारा न राहता भाग बदलणारा झाला. महाग युनिट परवडत नाही म्हणून नकली भाग बसविला गेला, तर सुरक्षिततेचा लाभही उरत नाही.

हा प्रश्न सोनगीरपुरता नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली वाहनांच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळावी असा कायदा केला. भारतात केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे पोर्टल सुरू केले. माहिती उपलब्ध होणे ही पहिली पायरी आहे; ती मराठीत, मापासह आणि टपरीतल्या माणसाच्या हाती पडेल अशा रूपात येणे ही दुसरी पायरी होय. दुसरीवाचून पहिलीला फारसा अर्थ नाही.

७. निष्कर्ष

(१) सोनगीर परिसरातील वाहतुकीच्या प्रत्येक टप्प्यावर चाकाच्या केंद्राची रचना आणि ते दुरुस्त करणारा समाज यांचे नाते बदलले आहे.

(२) रेल्वे व महामार्ग यांनी जुनी वाहने एकदम हद्दपार केली नाहीत. त्यांचे काम आखूड केले व दुरुस्तीची गरज वाढविली.

(३) घर्षण कमी होण्याबरोबर दुरुस्तीचे ज्ञान हातातून मापाकडे आणि गावातून कारखान्याकडे गेले. ते परत गावात आणण्याचा मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्था, महाविद्यालये व मराठीतील तांत्रिक लेखन यांच्यातून जातो.

(४) महामार्गालगतच्या वयोवृद्ध मिस्त्रींचे अनुभव, त्यांची हत्यारे व परिभाषा यांची नोंद करणे हे स्थानिक इतिहासाचे तातडीचे कार्य आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील इतिहास विभागांना ते विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून सहज हाती घेता येईल.

आज सोनगीरच्या टोलनाक्यावरून जाणारी पिकअप ज्या दोन बोटांच्या जागेवर आपला भार तोलते, तेथे एकेकाळी एरंडीचे तेल होते व ते लावणारा हात गाडीवानाचा होता. तो हात परत आणता येणार नाही आणि आणण्याचे कारणही नाही. परंतु आज ज्याच्या हातात पाना आहे, त्याला त्या जागेत काय घडते हे पूर्णपणे समजावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. कारण त्या समजुतीवर चालकाचा व त्याच्या मागे बसलेल्या मजुरांचा जीव अवलंबून असतो.